डोक्याला मार: आंतरराष्ट्रीय नियमावली सोलापूरच्या दवाखान्यात कशी उतरवायची

चिठ्ठी अर्ध्या कागदाची होती. ‘आरटीए, हेड इन्ज्युरी. इंजेक्शन डेक्सा, मॅनिटॉल, डीएनएस दिले. हायर सेंटरला रेफर.’ म्हणजे रस्ता अपघात, डोक्याला मार; एक स्टेरॉइड, सूज उतरवायचं मॅनिटॉल आणि साखरेचं सलाईन देऊन मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. वेळ नाही, बीपी नाही, बाहुल्या कशा आहेत ते नाही, जीसीएस म्हणजे शुद्धीचे गुण, तेही नाहीत. पेशंट पस्तिशीचा. रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळलेली. आमच्याकडे पोचला तेव्हा उजवी बाहुली मोठी झालेली, वरचं बीपी ८४ आणि ऑक्सिजन ८१. सोबत आलेला भाऊ म्हणाला, “निघताना बोलत होता की मॅडम, पाणी मागत होता.” म्हणजे बोलता माणूस वाटेत बेशुद्ध झाला होता. ते कधी झालं, मोहोळच्या अलीकडे की पलीकडे, हे सांगणारं कोणी नव्हतं.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि सोलापुरात अतिदक्षता विभागात काम करते. ती चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. रात्री ते एकटे होते, बाहेर वीस नातेवाईक उभे होते आणि शिकताना जे पाहिलं तेच त्यांनी केलं. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली, अशा वेळी काय करायचं ते लिहिलेलं एक पान असतं, तर ती चिठ्ठी वेगळी झाली असती. ते पान कसं तयार करायचं, ते मी इथे सांगणार आहे. तालुक्यातले डॉक्टर, छोट्या हॉस्पिटलचे निवासी डॉक्टर (आरएमओ), सिस्टर आणि १०८ वर काम करणारे सहकारी यांच्यासाठी हे लिहिते आहे.

डोक्याच्या गंभीर दुखापतीसाठी जगभर सर्वांत जास्त वापरली जाते ती अमेरिकेतल्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनची नियमावली. पहिली आवृत्ती १९९५ची, चौथी २०१६ची. दुसरी ब्रिटनमधल्या ‘नाइस’ संस्थेची, २०२३ मध्ये सुधारलेली. दोन्ही उत्तम आहेत. पण त्या वाचताना आपल्याकडचा डॉक्टर दोन टोकांना जातो. एक तर ‘आपल्याकडे हे काही नाही’ म्हणून पुस्तक मिटतो, नाहीतर त्यातलं जे औषध दुकानात मिळतं तेवढंच उचलतो. मधला रस्ता मेहनतीचा आहे, पण तो आहे.

आधी रात्री दोन वाजता काय असतं ते मोजा

सुरुवात नियमावलीपासून करू नका, आपल्या दवाखान्यापासून करा. दिवसा अकरा वाजता काय आहे ते नको, रात्री दोन वाजता काय आहे ते लिहा. सक्शन मशीन वीज गेल्यावर चालतं का? घसा बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का? श्वासनलिकेत ट्यूब टाकू शकणारा माणूस किती मिनिटांत येतो? मेंदूची सूज उतरवणाऱ्या ३ टक्के मिठाच्या सलाईनच्या बाटल्या किती आणि कोणत्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे?

ऑक्सिजनचं उदाहरण घ्या. रुग्णवाहिकेत आणि छोट्या दवाखान्यांत जो मध्यम सिलिंडर असतो, आपण ज्याला बी-टाइप म्हणतो, त्यात भरलेला असताना साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटरने दिला तर १५० मिनिटं पुरतो. करमाळ्याहून सोलापूर सव्वाशे किलोमीटरच्या वर. सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर कसाबसा पुरेल, अर्धा असेल तर टेंभुर्णी सोडल्यावर तासाभरात काटा शून्यावर. अक्कलकोटहून मात्र चाळीसेक किलोमीटरच अंतर, तिथे अर्धा सिलिंडरही चालतो. म्हणून ‘ऑक्सिजन लावून पाठवा’ ही सूचना करमाळ्याच्या आणि अक्कलकोटच्या पानावर एकाच शब्दांत लिहून चालत नाही. नियम तोच राहतो, पण त्यापुढचा आकडा प्रत्येक गावाने आपला आपण मांडायचा.

शिफारस फोडा: कारण एकीकडे, यंत्र दुसरीकडे

हे सर्वांत महत्त्वाचं काम. प्रत्येक शिफारशीत दोन गोष्टी असतात. एक असतं कारण, म्हणजे मेंदूला कशापासून वाचवायचं आहे. दुसरं असतं यंत्र, म्हणजे तिथल्या लोकांनी ते कशाने साधलं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा आणि प्रत्येक शिफारस दोन रकान्यांत फोडून लिहा. कारण सोलापुरातही तेच राहतं, मेंदू काही वेगळा नाही. यंत्राला पर्याय शोधता येतो.

कवटीच्या आतला दाब घ्या. नियमावली म्हणते, गंभीर दुखापतीत दाब मोजा आणि तो २२ मिमीच्या वर गेला की उपचार करा. मोजण्यासाठी कवटीत कॅथेटर घालावा लागतो. तो महाग, तो घालणारा माणूस हवा आणि त्याची देखभाल हवी. पण दाब का मोजायचा? दोन निर्णयांसाठी. मेंदूला रक्त पुरतं आहे का, आणि सूज वाढते आहे का.

पहिल्या निर्णयाचं गणित कागदावरही होतं. मेंदूला रक्त ढकलणारा दाब म्हणजे सरासरी बीपी वजा आतला दाब, आणि तो ६० ते ७० हवा. आतला दाब माहीत नाही, तर तो २२ आहे असं धरून चला. २२ अधिक ६०, म्हणजे सरासरी बीपी ८२. म्हणून आमच्या पानावर लिहिलं आहे: गंभीर पेशंटमध्ये मॉनिटरवरची कंसातली सरासरी ८२ ते ८५च्या खाली जाऊ द्यायची नाही. दुसऱ्या निर्णयासाठी आपल्याकडे टॉर्च आहे, हातपायांची हालचाल आहे, पुन्हा काढता येणारा सीटी आहे.

हे जुगाड समजू नका. २०१२ मध्ये बोलिव्हिया आणि इक्वेडोर या देशांतल्या ३२४ पेशंटवर याच प्रश्नाचा अभ्यास झाला. अर्ध्यांमध्ये दाब मोजून उपचार केले, अर्ध्यांमध्ये फक्त तपासणी आणि सीटीच्या आधारावर. सहा महिन्यांनंतरच्या निकालात दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही. मात्र हा अभ्यास पुढे करून ‘मॉनिटरची गरजच नाही’ असं म्हणणारेही मी ऐकले आहेत. ते चूक आहे. ज्यांचा दाब मोजला नाही त्यांनाही आयसीयू मिळाला होता, ठरलेल्या दिवशी सीटी मिळाले होते आणि तासातासाला पाहणारे डॉक्टर मिळाले होते. मॉनिटरच्या जागी काहीच न ठेवणं हा त्या अभ्यासातला तिसरा गट नव्हता. त्याच मंडळींनी पुढे २०२० मध्ये ‘क्रेव्हिस’ नावाचा, मॉनिटरशिवायचा सविस्तर आराखडा दिला. आपल्यासाठी तोच जास्त जवळचा. पुढे त्याबद्दल येईलच.

कागदावरून काय खोडायचं

नवीन काही घेण्याआधी जुनं खोडा. यात एक रुपया खर्च नाही, उलट वाचतो.

डेक्सा खोडा. डोक्याच्या माराला स्टेरॉइड द्यायचं नाही. २००४ मध्ये ‘क्रॅश’ नावाच्या चाचणीत १०,००८ पेशंट होते. स्टेरॉइड मिळालेल्यांत दोन आठवड्यांत मृत्यूचं प्रमाण २१.१ टक्के, न मिळालेल्यांत १७.९. त्या चाचणीतलं औषध मिथाइलप्रेडनिसोलोन होतं, पण ‘आम्ही तर डेक्सा देतो’ ही पळवाट नाही, नियमावली स्टेरॉइडच नको म्हणते. तरीही ते अजून दिलं जातं, कारण पन्नास वर्षांची सवय आहे आणि ‘सूज उतरते’ हे वाक्य तोंडात बसलं आहे. मेंदूतल्या ट्यूमरच्या गाठीभोवतीची सूज त्याने उतरते, माराची नाही.

डीएनएस आणि डी-५ खोडा. साखरेचं पाणी मेंदूत शिरून सूज वाढवतं. सलाईन म्हणजे साधं ०.९ टक्के एनएस. ग्लुकोमीटरवर साखर कमी निघाली, तरच डेक्स्ट्रोज. आणि साखर प्रत्येकाची तपासायची, विशेषतः ज्याच्या तोंडाला दारूचा वास येतो त्याची.

सिटिकोलिन खोडा. २०१२ मध्ये १,२१३ पेशंटवर झालेल्या चाचणीत त्याचा काही फायदा दिसला नाही. नातेवाईक ते आणायला रात्री मेडिकलपर्यंत पळतात, खिशातले असतील नसतील ते पैसे मोडतात. मला हे बघवत नाही. तेच पैसे पुढच्या सीटीला लागणार असतात.

नाकातून नळी घालणं, म्हणजे राइल्स ट्यूब वा नाकातला एअरवे, कवटीच्या तळाला फ्रॅक्चरची शंका असेल तर खोडा. डोळ्यांभोवती काळंनिळं, कानामागे निळसर डाग, नाकाकानातून पाणी, अशी खूण असेल तर नळी तोंडातून.

मॅनिटॉल खोडू नका, पण त्याच्यापुढे अट लिहा. त्याचं खाली सांगते.

जीसीएस, आणि आपल्या भाषा

ग्लासगो कोमा स्केल १९७४ची. डोळे, बोलणं, हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण. ती सगळ्यांना पाठ असते आणि तरीही चुकते. सोलापुरात ती एका खास कारणाने चुकते. शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, अनेक मोहल्ल्यांत दख्खनी. यंत्रमाग कारखान्यात जिन्यावरून पडलेल्या एका आजोबांना ‘बोलणं: गोंधळलेलं, ४ गुण’ असं लिहून आमच्याकडे पाठवलं होतं. त्यांच्या सुनेला आत बोलावलं. ती म्हणाली, “मामंजी बरोबर बोलतायत. चष्मा कुठंय विचारतायत.” ते तेलुगूत स्वच्छ बोलत होते. उलटही घडतं, आणि ते जास्त धोक्याचं. पेशंट खरोखर बरळत असतो आणि ‘भाषा कळत नाही’ म्हणून त्याला पूर्ण गुण मिळतात.

म्हणून पानाच्या मागे चार वाक्यं लिहून ठेवा. कन्नडमध्ये ‘निम्म हेसरेनु?’ म्हणजे तुमचं नाव काय, ‘कै एत्तु’ म्हणजे हात वर कर. तेलुगूत ‘मी पेरेमिटि?’ आणि ‘चेय्यि एत्तु’. दोन्हींत ‘एत्तु’ सारखाच आहे, लक्षात राहतो. आणि बोलण्याचे गुण देताना घरच्या माणसाला विचारा, “हे रोजच्यासारखं बोलतायत का?”

एकूण बेरजेपेक्षा तीन आकडे वेगवेगळे लिहा, कारण १० हा आकडा किती तरी प्रकारे होतो. तिघांत सर्वांत विश्वासाचा हालचालीचा आकडा. डोळे सुजून मिटले असतील, तोंडात ट्यूब असेल, दारू प्यायलेला असेल, तरी हालचाल खोटं बोलत नाही. वेदना द्यायची ती नखावर पेनाने दाबून किंवा मानेजवळचा खांद्याचा स्नायू चिमटून. छातीवर मुठीने घासू नका, त्याने कातडी सोलते आणि उत्तरही धड मिळत नाही. बाहुल्या टॉर्चने बघा, किती मिलिमीटर आणि प्रकाशाला आकसतात का, दोन्ही लिहा. मोबाईलचा दिवा चालतो.

आणि हे मोठ्या अक्षरांत: ‘दारू प्यायला आहे’ हे निदान नाही. तो प्यायलेलाही असतो आणि कवटीखाली रक्तही साचत असतं.

पहिली वीस मिनिटं

तालुक्याच्या पातळीवर खरा उपचार दोनच गोष्टींचा आहे, ऑक्सिजन आणि बीपी. ऑक्सिजन ९०च्या खाली किंवा वरचं बीपी ९०च्या खाली गेलं, एकदा जरी, तरी गंभीर दुखापतीतला पेशंट दगावण्याची शक्यता खूप वाढते. हे तीस वर्षांपासून माहीत आहे. पहिल्या माराने जे पेशंटचं झालं ते आपल्या हातात नसतं. हा दुसरा मार आपल्या हातात असतो.

श्वासनलिका आधी. तोंडातलं रक्त, उलटी सक्शनने काढा. मान सरळ रेषेत धरून जबडा पुढे ओढा. मास्कने ऑक्सिजन १० ते १५ लिटर, लक्ष्य ९४च्या वर. मानेला लावायची कॉलर नसेल तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना सलाईनच्या बाटल्या वा गुंडाळलेलं ब्लँकेट लावून कपाळावरून चिकटपट्टी. कॉलर असेल तर ती गळा आवळत नाही ना ते बघा. मानेच्या शिरा दबल्या की मेंदूतलं रक्त उतरत नाही. ट्यूब बांधायची नाडीसुद्धा मानेभोवती करकचून बांधली जाते, आम्ही ती सोडून गालावर चिकटपट्टी सुरू केली.

जीसीएस ८ वा कमी असेल, तर नियमावली म्हणते ट्यूब टाका. यात माझं स्पष्ट मत आहे: ज्याला महिन्यात चार वेळाही ट्यूब टाकायला मिळत नाही, त्याने अशा पेशंटवर दहा मिनिटं खटपट करू नये. तेवढ्यात ऑक्सिजन ६०ला जातो. एकदा प्रयत्न, तोही बीपी सांभाळून, नाही जमलं तर तोंडात एअरवे (जीभ मागे पडू न देणारी नळी) घालून मास्क आणि हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग. उलटी होत असेल तर मान न वळवता सगळं शरीर एकत्र कुशीवर. अंबू बॅग मिनिटाला १० ते १२ वेळाच दाबायची. घाबरलेला माणूस ३० वेळा दाबतो, कार्बन डायऑक्साइड घसरतो, मेंदूच्या धमन्या आकसतात आणि आपल्याच हाताने आपण त्याचा रक्तपुरवठा तोडतो. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं पाचपर्यंत मोजून दाबा.

बीपी. चौथ्या आवृत्तीत वरच्या बीपीचे आकडे वयानुसार आहेत: १५ ते ४९ आणि सत्तरीच्या पुढे किमान ११०, ५० ते ६९ वयात किमान १००. रात्री दोन वाजता वय विचारून आकडा आठवणं जमत नाही, म्हणून आम्ही सगळ्या मोठ्या माणसांसाठी ११० एवढंच लिहिलं आहे. सोपं केल्याने कोणाचं नुकसान होत नाही. बीपी कमी असेल तर एनएस वेगाने सोडा आणि रक्त कुठे जातंय ते शोधा: पोट, छाती, कंबरेचं हाड, मांडी. मोठ्या माणसात फक्त डोक्याच्या आतल्या माराने बीपी पडत नाही, असं समजूनच चला. टाळूची जखम मात्र फसवते. पट्टीवर पट्टी बांधून पाठवतात आणि वाटेत अर्धा लिटर रक्त पट्टीत मुरतं. पूर्ण जाडीचे दोन-चार मोठे टाके घाला, सुंदर नकोत.

मार लागून तीन तास झाले नसतील आणि जीसीएस १२ वा कमी असेल, किंवा सीटीत रक्त दिसलं असेल, तर रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड १ ग्रॅम १० मिनिटांत, नंतर १ ग्रॅम ८ तासांत. २०१९च्या ‘क्रॅश-३’ चाचणीत १२,७३७ पेशंट होते. सगळे मिळून पाहिलं तर फरक ठळक नव्हता, पण सौम्य ते मध्यम दुखापतीत आणि लवकर दिलं तेव्हा डोक्याच्या माराने होणारे मृत्यू घटले. औषध स्वस्त आहे, बाळंतपणासाठी तालुक्यात ठेवलेलंच असतं. तीन तास उलटले असतील तर देऊ नका. म्हणूनच अपघाताची वेळ लिहिणं हाही उपचाराचाच भाग.

आता मॅनिटॉल. एक बाहुली मोठी झाली, हालचालीचा गुण घसरला, म्हणजे मेंदू खाली सरकतो आहे अशी शंका आली, तरच आणि बीपी ११०च्या वर असेल तरच. २० टक्क्यांच्या १०० मिलीत २० ग्रॅम असतं, किलोला अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५० ते ३०० मिली, १५ ते २० मिनिटांत. मॅनिटॉल लघवीवाटे पाणी ओढून काढतं. बीपी आधीच पडलेलं असताना ते दिलं की बीपी आणखी कोसळतं. त्या चिठ्ठीतल्या पेशंटचं ८४ कशामुळे झालं, मला नक्की सांगता येणार नाही, पण लघवीची पिशवी काठोकाठ भरलेली होती. थंडीत बाटलीत स्फटिक दिसतात, ती कोमट पाण्यात ठेवून विरघळवा आणि मगच लावा. बीपी कमी असेल तर ३ टक्के सलाईन २५० मिली, १५ ते २० मिनिटांत. मला विचाराल तर तालुक्याच्या कपाटात तेच जास्त असावं.

कोणाला, कुठे, कधी

ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागासाठीच्या सूचनांत साध्या डॉक्टरनेही कवटीला भोक पाडण्याची तरतूद आहे, कारण तिथे न्यूरोसर्जन शेकडो मैलांवर असतो. आपल्याकडे ते उचलू नका. जिल्ह्याच्या कोणत्याही तालुक्यातून अडीच-तीन तासांत सोलापूर शहर येतं. घट्ट गोठलेलं रक्त लहान भोकातून नीट निघतही नाही. आपली कसोटी एवढीच, की पेशंट वेळेत निघाला का.

जीसीएस ८ वा कमी, किंवा बाहुल्या असमान, तर तालुक्यात सीटी असला तरी त्यासाठी थांबू नका, थेट न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणी. ९ ते १२ असेल तर सीटी जिथे वाटेवर आणि अर्ध्या तासात होईल तिथे, आणि फोटो लगेच फोनवर पुढे. कवटीचा साधा एक्स-रे काढण्यात वेळ घालवू नका.

१३ ते १५ गुण असलेले पेशंट सर्वांत जास्त आणि सर्वांत अवघड. कॅनडाची २००१ची सीटी नियमावली सोपी आहे. तिच्यातल्या सर्वांत धोक्याच्या खुणा: दोन तासांनंतरही १५ गुण नाहीत, कवटी दबल्याची वा तळाच्या फ्रॅक्चरची खूण, दोन वा जास्त उलट्या, वय ६५ वा जास्त. यांपैकी एक असेल तर सीटी. झटका आलेले, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आणि १६ वर्षांखालची मुलं त्या अभ्यासात नव्हती. पहिल्या दोघांचा सीटी करायचाच, मुलांसाठी ‘नाइस’चे निकष वेगळे आहेत.

आम्ही त्यात आपलं एक वाक्य जोडलं. परदेशी नियम ‘घरी लक्ष ठेवा’ म्हणतो तेव्हा घर, जागं माणूस, फोन आणि गाडी हे सगळं गृहीत धरतो. ऊसतोडीच्या टोळीतला माणूस फडाजवळच्या कोपीत झोपतो, सोबतचे पहाटे तोडीला जातात. आषाढीला पंढरपुरात पडलेल्या वारकऱ्याची दिंडी पुढे गेलेली असते. अशांना १५ गुण असले तरी २४ तास भरती, किंवा सीटी. हा वैद्यकीय निकषच आहे, उपकार नाही.

निघण्याआधी समोरच्या डॉक्टरला फोन करायचा, आणि चिठ्ठीवर सात गोष्टी: अपघाताची वेळ, तपासणीची वेळ, जीसीएसचे तीन आकडे, दोन्ही बाहुल्या, सर्वांत कमी आढळलेलं बीपी, सर्वांत कमी ऑक्सिजन, दिलेली औषधं वेळेसह. वाटेत दर १५ मिनिटांनी हेच पुन्हा, त्याच कागदाच्या मागे. पोलिसांसाठीचे एमएलसीचे कागद नंतर पाठवता येतात, त्यासाठी गाडी थांबवू नका. जखमीला घेऊन आलेल्या अनोळखी माणसालाही अडकवू नका. २०१६चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४-अ त्याला संरक्षण देतं. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोखरहित उपचारांची योजना अधिसूचित केली: नेमलेल्या रुग्णालयात ७ दिवस, दीड लाखापर्यंत. झाडावरून वा विहिरीत पडलेल्याला ती लागू नाही, त्यांच्यासाठी महात्मा फुले योजनेचं बघावं लागतं. कुठल्या रुग्णालयात काय चालतं याची यादी त्याच पानावर हवी. पैशाच्या भीतीने नातेवाईक दोन दारं फिरतात आणि तोच तास हातचा जातो.

दाब न मोजता आयसीयू

शहरातल्या छोट्या आयसीयूसाठी. सीटीत मेंदूभोवतालच्या पाण्याच्या जागा दबलेल्या, मेंदूची मधली रेषा ५ मिमीपेक्षा जास्त सरकलेली किंवा न काढलेली रक्ताची मोठी गाठ, यांपैकी एक दिसलं तरी आतला दाब वाढलेला आहे असं धरून उपचार. तेवढं नसेल, पण हालचालीचे गुण ४ वा कमी, बाहुल्या असमान, प्रकाशाला प्रतिसाद बिघडलेला, सीटीत पसरलेली मध्यम इजा, यांतल्या दोन खुणा एकत्र असतील तरीही तसंच. ‘क्रेव्हिस’चा गाभा हाच.

मग पायाभूत गोष्टी: वेदनाशामक आणि झोपेचं औषध, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४०, सोडियम घसरू न देणं, पहिले ७ दिवस झटका रोखणारं औषध (लेव्हेटिरासिटॅम वा फेनिटॉइन, फेनिटॉइन एनएसमध्येच आणि सावकाश), दोन-तीन दिवसांत नळीतून अन्न. त्यावर ठरलेल्या वेळी ३ टक्के सलाईन किंवा मॅनिटॉल, सोडियम आणि क्रिएटिनिन रोज बघून. सोडियम १५५च्या पुढे गेलं की आम्ही थांबतो.

डोकं ३० अंश वर. हे सगळे लिहितात, पण करताना चुकतं, कारण ३० अंश म्हणजे किती हे डोळ्याला कळत नाही. पलंगाच्या पाठीचा भाग बिजागरीपासून ७० सेंमी लांब असेल तर डोक्याकडची कड ३५ सेंमी उचलायची, बरोबर निम्मी. आम्ही प्रत्येक पलंगामागच्या भिंतीवर त्या उंचीला हिरवी रेघ मारली. वॉर्डातल्या मावशीसुद्धा आता चादर बदलल्यावर पलंग रेघेपर्यंत फिरवून ठेवतात. मणक्याला माराची शंका असेल तर पाठ उचलू नका, सबंध पलंगालाच उतार द्या.

ताप. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ ला सहज जातो आणि पत्र्याच्या वॉर्डात पेशंट नुसत्या हवेनेच तापतो. परदेशी नियमावलीत या वाक्याला जागा नाही, आमच्या पानावर आहे. पॅरासिटामॉल वेळेवर, ओल्या फडक्याने पुसणं, आणि डोक्याच्या पेशंटचा पलंग कूलरच्या रांगेत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. मुद्दाम थंड करून ३३ अंशांवर नेण्याच्या फंदात पडू नका, त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही.

तपासणी दर तासाला. तीस पेशंटमागे एक सिस्टर असेल तर हे कसं होणार? सगळ्यांची नको. डोक्याचे पेशंट नर्सिंग टेबलासमोर एकत्र आणा आणि पहिले ४८ तास फक्त त्यांची तासाला नोंद. हालचालीचा एक गुण जरी कमी झाला, बाहुल्यांत २ मिमीचा फरक पडला, तर सिस्टरने डॉक्टरच्या परवानगीची वाट न बघता डोकं, ऑक्सिजन, बीपी बघायचं, ३ टक्क्यांची बाटली काढून ठेवायची आणि फोन करायचा. हा अधिकार पानावर लेखी द्या. तोंडी दिलेला अधिकार रात्री कोणी वापरत नाही.

शस्त्रक्रियेचे आकडे तेवढे पाठ असू द्या: कवटीलगतची रक्ताची गाठ ३० मिलीपेक्षा मोठी, किंवा मेंदूलगतची १० मिमीपेक्षा जाड वा मधली रेषा ५ मिमीपेक्षा सरकलेली, तर न्यूरोसर्जनला तत्काळ.

घरी सोडताना

छापील इंग्रजी कार्ड देऊ नका. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत एकेक पान, आणि ते एका ठरावीक माणसाला वाचून दाखवायचं, घोळक्याला नाही. झोपू द्यायचं, पण पहिल्या रात्री दर दोन तासांनी उठवून नाव विचारायचं. पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, झटका, एका हाताची शक्ती कमी होणं, उठवूनही न उठणं, यांतलं काहीही झालं की परत आणायचं. झटका आला तर कांदा, चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवून वेळ बघायची. महिनाभर चिडचिड, विसरभोळेपणा, प्रकाश सहन न होणं असू शकतं, हे घरच्यांना आधीच सांगा. नाहीतर ‘कामाला जायचं टाळतोय’ म्हणून त्याला घरात बोलणी बसतात.

वही

पान तयार झालं की एक वही ठेवा. प्रत्येक डोक्याच्या पेशंटची एक ओळ: अपघात ते दवाखाना किती वेळ, सर्वांत कमी ऑक्सिजन, सर्वांत कमी बीपी, पाठवलं कधी, पुढे काय झालं. शेवटचा रकाना भरायला वरच्या हॉस्पिटलला फोन करावा लागतो. आम्हीही आता रेफर करणाऱ्या डॉक्टरांना स्वतःहून कळवतो, वाचला तरी आणि गेला तरी. दर तीन महिन्यांनी वही घेऊन सिस्टर, गाडीचा पायलट म्हणजे चालक, आरएमओ आणि जमलं तर सर्जन यांनी तासभर बसायचं. पहिल्या बैठकीत आम्हाला कळलं की वाटेत बीपी घेतलंच जात नव्हतं, कारण गाडीतला बीपीचा पट्टा फुटका होता. नवा पट्टा त्याच संध्याकाळी आला, आणि पानावर एक ओळ वाढली: ‘निघण्याआधी पट्टा लावून एकदा बीपी बघा.’